‘सर्वांचे’ म्हणजे कोणाचे? : सामाईक आणि सार्वजनिक उपभोगाचे प्रश्न

४.१ प्रस्तावना

मागील घटकात सामाजिक शास्त्रांची परिभाषा मराठीत कशी घडत गेली, याचा परिचय आपण करून घेतला. प्रस्तुत घटकात त्या परिभाषेतील एकाच प्रश्नाकडे वळायचे आहे. अनेकांनी मिळून उपभोगायच्या गोष्टी का नासतात, कधी टिकतात, आणि हे समजावून सांगताना मराठी शब्द आपल्याला कोठे साथ देतात व कोठे दगा देतात, हा तो प्रश्न होय. विषय मूळचा अर्थशास्त्राचा आहे. तथापि उद्या शिक्षक, वार्ताहर, अनुवादक किंवा ग्रामपंचायतीतील कर्मचारी म्हणून तुमच्यापैकी अनेकांना तो मराठीतूनच मांडावा लागेल, म्हणून भाषेच्या अभ्यासक्रमात त्याला जागा दिली आहे.

अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात मी या घटकाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करतो : तुमच्या परिसरातील सार्वजनिक गोष्टी सांगा. उत्तरे भराभर येतात. एस. टी., रस्त्यावरचे दिवे, गायरान, गावची विहीर, रेशन दुकान, सरकारी दवाखाना, गणपतीचा मांडव. फळा भरतो आणि ही एकाच जातीच्या गोष्टींची यादी आहे, याविषयी वर्गात कोणालाही शंका नसते. वास्तविक या यादीत निदान तीन वेगवेगळ्या प्रकारच्या गोष्टी आहेत. त्यांचे दुखणे वेगळे आहे आणि औषधही वेगळे आहे. ‘सार्वजनिक’ या एका शब्दाने त्या एका दावणीला बांधल्या गेल्या आहेत, एवढेच.

४.२ दोन प्रश्न

ही दावण सोडवण्यासाठी प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न विचारावेत. पहिला : एकाने ती वापरली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला कमी येते का? दुसरा : जो पैसे देत नाही किंवा नियम पाळत नाही, त्याला तिच्यापासून वगळता येते का? अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या दोन कसोट्यांना जड नावे आहेत. आपण ‘वाटा घटणे’ आणि ‘वगळता येणे’ एवढेच म्हणू.

रस्त्यावरच्या दिव्याला हे प्रश्न विचारा. माझ्या पायाखाली उजेड पडला म्हणून तुमचा उजेड कमी होत नाही. घरपट्टी थकवणाऱ्या माणसापुरता तो दिवा विझवताही येत नाही. पुराचा इशारा, आकाशवाणीचे प्रसारण, रोगराईचा नायनाट ही याच जातीची उदाहरणे. अर्थशास्त्रात ‘सार्वजनिक वस्तू’ म्हणतात ती हीच. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ साली तिचे नेमके विवेचन केले. येथे ‘वस्तू’ हा शब्दही विद्यार्थ्याला अडवतो, कारण इशारा किंवा उजेड यांना मराठी माणूस वस्तू म्हणत नाही. परिभाषा स्थिरावली आहे, तेव्हा ती वापरावी. पण शिकवताना हा अडथळा आधी बोलून दाखवावा.

आता गायरान घ्या. गावातील कोणाचीही गुरे तेथे जाऊ शकतात, त्यांना अडवणे कठीण. मात्र एका गाईने खाल्लेला चारा दुसरीला मिळत नाही. समुद्रातील मासळी, जंगलातील सरपण, जमिनीखालचे पाणी यांचे असेच आहे. वगळणे अवघड, पण वाटा घटणारा. अशा साधनांना ‘सामाईक’ म्हणावे. हा शब्द मराठीत कोणी नव्याने पाडलेला नाही. सातबाऱ्यावर सामाईक क्षेत्र असते, दोन घरांमध्ये सामाईक भिंत असते, दोन भावांत सामाईक विहीर असते, आणि तिच्यावरून होणारी भांडणेही तितकीच परिचयाची असतात.

एस. टी. आणि रेशनचे धान्य यांची गोष्ट मात्र चमत्कारिक आहे. तिकीट नसेल तर वाहक तुम्हाला उतरवू शकतो, आणि मी बसलो ते आसन तुम्हाला मिळत नाही. गहू तर सरळच ज्याने खाल्ला त्याचा. म्हणजे कसोटी लावली तर या खाजगी स्वरूपाच्या गोष्टी ठरतात. त्या पुरवण्याची जबाबदारी समाजाने शासनावर सोपवली आहे, इतकेच. ‘सार्वजनिक वाहतूक’ आणि ‘सार्वजनिक वितरण व्यवस्था’ या शब्दप्रयोगांतील ‘सार्वजनिक’चा अर्थ ‘शासनाने चालवलेले’ असा आहे. परीक्षेत दरवर्षी सर्वाधिक उत्तरपत्रिका येथेच चुकतात आणि त्याचा दोष मी विद्यार्थ्यांपेक्षा शब्दाला देतो.

या शब्दाचा इतिहासही थोडा पाहण्यासारखा आहे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. जोतीराव फुले यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव रूढ होत गेला. या तिन्ही ठिकाणी ‘सार्वजनिक’ म्हणजे सर्व जनांचे, लोकांनी लोकांसाठी केलेले. सरकारचा त्यात संबंध नाही. आजचा वाचक मात्र ‘सार्वजनिक’ म्हटले की सार्वजनिक बांधकाम विभागाची पाटी डोळ्यांसमोर आणतो. ‘सर्वांचे’ हा अर्थ मागे पडून ‘सरकारचे’ हा अर्थ पुढे आला आणि ‘सरकारचे’ म्हणजे व्यवहारात ‘कोणाचेच नाही’.

४.३ कोण करील आणि कोण आवरील

सार्वजनिक वस्तू आणि सामाईक साधन यांतील भेद केवळ वर्गीकरणासाठी नाही. सार्वजनिक वस्तूचा प्रश्न तिच्या निर्मितीचा असतो : सर्वांना लाभ होणार, तर पदरमोड कोणी करायची? सामाईक साधन आधीपासून असते. त्याचा प्रश्न आवर घालण्याचा असतो : सर्वच घेत आहेत, तर आधी कोणी थांबायचे?

पहिल्या प्रश्नाचे उदाहरण आपल्या अभ्यासविषयातच आहे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशासारखा कोश एकदा सिद्ध झाला की त्यातील शब्दार्थाचा लाभ हजारो लोक घेतात आणि कोणाचाही वाटा घटत नाही. परंतु कोशाची वर्षानुवर्षांची मजुरी काही थोड्यांनाच करावी लागते. ज्याला लाभ हवा पण भार नको, त्याला मराठीत ‘फुकट्या’ असा ठसकेबाज शब्द आहे आणि अर्थशास्त्राच्या वर्गात तो हमखास वापरला जातो. मला तो थोडा धोक्याचा वाटतो. फुकट्या म्हटले की आपण माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखवतो. सिद्धांताचे म्हणणे वेगळे आहे : चांगली, हिशेबी, कोणाचे वाईट न चिंतणारी माणसेही या परिस्थितीत तसेच वागतात.

हे पटवून देण्याचा उत्तम मार्ग व्याख्यान नव्हे, चिंचोके होत. एका परातीत ४० चिंचोके ठेवा. वर्गाचे चार गट म्हणजे चार कुटुंबे. प्रत्येक फेरीत प्रत्येक कुटुंबाने किती चिंचोके घ्यायचे ते कागदावर गुपचूप लिहावे. सर्वांनी घेतल्यावर परातीत जे उरेल ते दुप्पट करावे, मात्र ४० च्या वर जाऊ देऊ नये. परात म्हणजे कुरण आणि दुप्पट होणे म्हणजे पावसाळ्यानंतर गवत वाढणे. अशा पाच फेऱ्या खेळायच्या आणि पहिल्या खेळात एकमेकांशी बोलायचे नाही.

आता हिशेब पाहा. प्रत्येकाने ५ घेतले तर २० उरतात, त्यांचे पुन्हा ४० होतात. पाच फेऱ्यांत प्रत्येकाला २५ मिळतात. समजा, एकाने ५ ऐवजी ८ घेतले. मग १७ उरतात, त्यांचे ३४ होतात. त्याचा लाभ ३ चा, तो संपूर्ण त्याचा. परातीला तोटा ६ चा. पण तो चौघांत वाटला गेल्याने त्याच्या वाट्याला केवळ दीड येतो. त्याचा हिशेब बिनचूक आहे. अडचण अशी की, हाच हिशेब बाकीच्या तिघांनाही करता येतो. चौघांनी ८ घेतले की उरतात ८, त्यांचे होतात १६. पुढच्या फेरीत चौघांनी ४-४ उचलले की परात रिकामी. प्रत्येकाच्या हाती १२. पंचवीसऐवजी बारा, आणि यात दुष्ट असा कोणी नाही.

दुसऱ्या खेळात बोलण्याची मुभा द्या. बहुधा पहिल्याच मिनिटात कोणीतरी ‘पाच-पाच घेऊ’ असे सुचवते. तिसऱ्या फेरीच्या सुमारास कोणाच्या तरी कागदावर ७ निघतो आणि वर्गात गोंगाट होतो. तो गोंगाट होऊ द्यावा. घटकाचा उरलेला भाग त्यातूनच शिकवता येतो. नियम करणे सोपे होते. पाळला की नाही हे पाहणार कोण, आणि मोडला तर करायचे काय?

जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात पहिल्या, न बोलता खेळलेल्या खेळाचे चित्र रंगवले. कुरणाचे उदाहरण त्यांनी विल्यम फॉर्स्टर लॉइड यांच्या १८३३ मधील लेखनातून घेतले होते. सामाईक साधनाची शोकांतिका अटळ आहे, म्हणून ते एक तर खाजगी करावे, नाही तर शासनाच्या नियंत्रणाखाली आणावे, असा त्या लेखाचा निष्कर्ष सर्वत्र उचलला गेला. पुढे १९९४ मध्ये हार्डिन यांनीच दुरुस्ती केली : आपल्याला व्यवस्थापन नसलेल्या सामाईकाविषयी म्हणायचे होते. ही दुरुस्ती फार थोड्यांनी वाचली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दुसऱ्या खेळाचा अभ्यास केला. स्वित्झर्लंडमधील डोंगरी कुरणे, जपानमधील गावांची वने, स्पेनमधील पाटपाण्याच्या संस्था अशा, शेकडो वर्षे टिकलेल्या व्यवस्था त्यांनी १९९० च्या ग्रंथात तपासल्या. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

४.४ ‘माझी विहीर’

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे भेटतो तो जमिनीखाली. आपण ‘माझी विहीर’ म्हणतो तेव्हा व्याकरण निर्दोष असते. खोदाईचा खर्च माझा, कठडा माझा, मोटार माझी. पण पाणी? ते खडकाच्या भेगांतून शेजाऱ्याच्या शेताखालून येते आणि माझ्या शेताखालून पुढे जाते. ‘विहीर’ या शब्दात खड्डा आणि पाणी दोन्ही सामावल्यामुळे खड्ड्याची मालकी नकळत पाण्याला चिकटते. कायद्यानेही तेच केले होते. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने जमीनमालकाला आपल्या हद्दीतील, निश्चित प्रवाहातून न वाहणारे भूजल घेण्याचा हक्क मान्य केला. म्हणजे ज्याच्याकडे जमीन नाही त्याला भूजलही नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याला उपशाची मर्यादा नाही.

शेतीपंपाची वीज मीटरवर न मोजता अश्वशक्तीनुसार ठोक दराने आकारली जाते, तेथे तर पंप तासभर अधिक चालवण्याचा वेगळा खर्च शून्य होतो. चिंचोक्यांच्या खेळात यापेक्षा मोठे प्रलोभन ठेवता येणार नाही. पाणी खाली गेले की कूपनलिका आणखी खोल जाते. शेजारीही खोल जातो. आणि मग ज्याला दुसरी कूपनलिका परवडत नाही त्याची जुनी विहीर कोरडी पडते. हा आवर घालण्याचा प्रश्न असताना आपण तो निर्मितीचा प्रश्न समजून सोडवू पाहतो. आणखी एक विहीर, आणखी खोल भोक.

१९९३ च्या अधिनियमाने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदण्यास मनाई केली. २००९ च्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमाने नियमनाची व्याप्ती वाढवली. पण विहीर कोणी, कोठे, रात्रीतून खोदली, हे शेजाऱ्याला कळते तितके कार्यालयाला कळत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे ग्रामसभेनेच शेतीसाठी कूपनलिका घ्यायच्या नाहीत असे ठरवले आणि पावसाच्या मानाने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची पद्धत घातली. तेथे पाहणारे आणि पाळणारे एकच आहेत, हे कायद्याहून वेगळे.

४.५ फडावरचा पाटकरी

अशी व्यवस्था आपल्याकडे नवी नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवर काही शतके चालत आलेली फड पद्धती हे तिचे उत्तम उदाहरण. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालील भिजणारे क्षेत्र, ज्याला थळ म्हणतात. थळाचे काही फड पाडलेले असतात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पिकांची पाळी फडाफडांतून फिरती ठेवायची. पाणी शेतकऱ्याने स्वतः फोडून घ्यायचे नाही. ते पाटकरी देतो. पाटाची साफसफाई सर्वांनी मिळून करायची.

यातील खरी खुबी जमिनीच्या वाटणीत आहे. सर्वसाधारणपणे प्रत्येकाची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा निर्णय झाला की तोटा सर्वांना होई, एकट्यादुकट्याला नव्हे. चिंचोक्यांच्या हिशेबातला दीड आणि तीन यांचा खेळ येथे मुळातच मोडून काढलेला आहे. पाटकऱ्याचा मेहनताना शेतकरीच देत, त्यामुळे त्याची निष्ठाही शेतकऱ्यांशी. ‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण अलीकडे लाचखोरीकडे डोळेझाक करण्यासाठी वापरतो; तिचा सरळ अर्थ घेतला तर राखणाऱ्याला त्याच्या राखणीचा वाटा असावा, असे व्यवस्थापनाचे एक शहाणे तत्त्व तीत सापडते. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, शिवारात विहिरी आणि पंप आले, तशा यांतील अनेक व्यवस्था खिळखिळ्या झाल्या. ज्याच्याकडे स्वतःची विहीर आली, त्याला पाटाच्या साफसफाईला येण्याची गरज उरली नाही.

मात्र फडाचे गोडवे गाताना एक गोष्ट नजरेआड करू नये. पाण्याचा हक्क जमिनीशी बांधलेला होता. थळात ज्याची जमीन नाही तो या ‘सर्वां’त मोजला जात नव्हता. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगाव येथून पाणी पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा नेमका हाच धागा त्यांनी तोडला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे : माणशी अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा. पाटबंधाऱ्यांच्या चर्चेत ‘सर्वांचे’ या शब्दाचा अर्थ इतक्या स्पष्टपणे क्वचितच लिहिला गेला असेल.

४.६ ‘वगळता येणे’ : एका क्रियापदाचे दोन अर्थ

आता ४.२ मधील दुसऱ्या कसोटीकडे पुन्हा या. ‘वगळता येते का?’ असे आपण विचारले. मराठीत ‘येणे’ या सहायक क्रियापदाने सामर्थ्यही सांगितले जाते आणि मुभाही. ‘मला पोहता येते’ यात सामर्थ्य आहे. ‘येथे वाहन उभे करता येणार नाही’ यात मनाई आहे. अर्थशास्त्राची कसोटी पहिल्या अर्थाने लिहिलेली असते, जणू वगळता येणे हा वस्तूचा अंगभूत गुण आहे. प्रत्यक्षात समाज दुसऱ्या अर्थाने वगळत आलेला आहे.

महाडचे चवदार तळे आठवा. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सार्वजनिक झाले. पाण्याला ना कुंपण होते ना पहारा; तळ्यावर गुरेही पाणी पीत. तरीही गावातील अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना ओंजळभर पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या अनुयायांसह तेथे पाणी घेतले, त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. त्याच वर्षी प्रकरण न्यायालयात गेले. तेथे तळे सार्वजनिक नसून खाजगी मालकीचे आहे असा दावा सवर्ण पक्षाने केला. डिसेंबरमध्ये तात्पुरता मनाई हुकूम निघाला. अंतिम निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

तळ्यातील पाण्याला पहिली कसोटी लावून पाहा. ओंजळभर पाण्याने कोणाचा वाटा घटत होता? म्हणजे टंचाई हे कारण नव्हते. दहा वर्षे चाललेला वाद ‘सार्वजनिक’ या शब्दाच्या अर्थावर, अर्थात ‘सर्व जन’ कोण, यावर होता. म्हणून सामाईक साधनांविषयीचा कोणताही मजकूर वाचताना, शासननिर्णय असो, वर्तमानपत्रातील बातमी असो वा जुन्या ग्रामव्यवस्थेचा गौरव करणारा लेख असो, त्यातील ‘गाव’, ‘ग्रामस्थ’, ‘लोक’, ‘सर्वजण’ या शब्दांखाली रेघ ओढण्याची सवय लावून घ्या. त्या शब्दांत स्त्रिया आहेत का? भूमिहीन आहेत का? गावकुसाबाहेरची वस्ती आहे का? हंगामी ऊसतोडणीला गेलेली कुटुंबे ग्रामसभेच्या दिवशी कोठे होती?

४.७ स्वयंअध्ययन

१. पुढील गोष्टींना दोन्ही कसोट्या लावा आणि प्रत्येकीविषयी दोन वाक्ये लिहा : गावची स्मशानभूमी, टोल असलेला महामार्ग, देवराई, ग्रंथालयातील एकमेव प्रत, गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवरील टाकी. टाकीच्या बाबतीत प्रत्येक घराला स्वतंत्र मीटर बसवल्यास उत्तर बदलते का, तेही सांगा.

२. ‘फुकट्या’ आणि ‘आयत्या बिळावर नागोबा’ हे शब्दप्रयोग टाळून ४.३ मधील हिशेब सहावीच्या विद्यार्थ्याला समजेल असा लिहा.

३. आपल्या परिसरातील एखादा पाणवठा निवडा. तो कोणी बांधला, त्याची डागडुजी कोण करते आणि गेल्या पन्नास वर्षांत तेथे कोणाला येऊ दिले जात नव्हते, हे तीन प्रश्न वस्तीतील निदान दोन वयस्क व्यक्तींना विचारा. त्यांतील एक व्यक्ती पाणी भरणारी स्त्री असावी. मिळालेली उत्तरे शक्यतो त्यांच्याच शब्दांत टिपून संपर्कसत्राला घेऊन या.